दोन कपाटांमधील वाचक

(ग्रंथपाल दिनानिमित्त तालुका ग्रंथालयात ग्रंथपाल, शिक्षक व पालक यांच्यासमोर विभागाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



ग्रंथपालांच्या सभेत बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मी प्रसिद्धी खात्यातला माणूस. शासनाच्या योजनांची पत्रके लिहावयाची आणि ती कोणीतरी वाचील अशी आशा करीत बसावयाचे, हा माझा व्यवसाय. वाचक मिळविणे किती कठीण असते हे मला त्या व्यवसायाने शिकविले, एवढ्याच बळावर मी आज आपल्यासमोर उभा आहे.

डॉ. रंगनाथन यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन पाळतो. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले ते आपणांस पाठ असतील. त्यांचा ऊहापोह मी करणार नाही. मला एकाच वयाविषयी बोलावयाचे आहे. ते वय म्हणजे तेरा ते अठरा.

आपल्या खेड्यातील कोणत्याही ग्रंथालयात जा. एक बुटके कपाट असते. त्यात चित्रांची पुस्तके, बोधकथा, शूरांची चरित्रे. दुसरे उंच कपाट असते. त्यात कादंबऱ्या, धार्मिक ग्रंथ, कोश. बुटक्या कपाटापुढे मुलगा मांडी घालून बसतो, आणि एके दिवशी त्याला तेथे बसण्याची लाज वाटू लागते. उंच कपाटापुढे उभा राहिला तर वडीलधारे विचारतात, ‘तू इकडे कशाला?’ मग तो कोणत्याच कपाटापुढे उभा राहत नाही. वर्तमानपत्रातले क्रिकेटचे पान वाचतो आणि जातो. पुढे तेही त्याला हातातल्या भ्रमणध्वनीवर मिळू लागते आणि तो येईनासा होतो.

आपल्या गोव्यात याला आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. घरात कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी, आणि पाचवीपासून बहुतेकांच्या वाट्याला इंग्रजी माध्यम. म्हणजे ज्या वयात मुलाला मराठी भराभर वाचता येऊ लागते, नेमक्या त्याच वयात शाळेची भाषा बदलते. मराठी हा एक विषय उरतो. मराठीतून त्याला गोष्टी हव्या असतात. त्याच्या हाती व्याकरण येते. इंग्रजीत गोष्टी वाचण्याइतका सराव अजून व्हावयाचा असतो. अशा मुलाने वाचन सोडले तर दोष त्याला देता येत नाही.

बालवाचक आणि प्रौढ वाचक यांच्यामधल्या या वयाची निराळी काळजी घ्यावी हा विचार नवा नाही. मराठीत बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स या बाईंनी याच वयाच्या वाचकांसाठी सारी नोकरी वेचली. १९४० नंतरच्या दशकात त्या घोडागाडीत पुस्तके भरून वस्त्यांतून हिंडत. हाताखालच्या ग्रंथपालांनी आधी पुस्तके स्वतः वाचावीत, त्यांवर बोलून दाखवावे आणि मगच मुलांना सुचवावीत, असा त्यांचा कटाक्ष असे. परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मला जे सांगावयाचे आहे ते आमच्याच गावातील एका ग्रंथपाल बाईंविषयी आहे. त्यांचे नाव मी घेणार नाही. तसे त्यांनीच बजावले आहे. सारा गाव त्यांना ‘बाई’ म्हणत असे, मीही तेच म्हणेन.

पंचायतघराला लागून कौलारू खोली, तीन कपाटे, एक लांब बाक आणि खिडकीपाशी बाईंचे टेबल, एवढेच ते ग्रंथालय. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येई. चवथ झाली की उघडीप पाहून बाई सगळी पुस्तके पडवीत उन्हात मांडीत आणि आम्हां मुलांना पाने उलटावयास बसवीत. पाने उलटता उलटता निम्मी मुले वाचू लागत, काम रेंगाळे, आणि बाई त्याकडे दुर्लक्ष करीत. ते दुर्लक्ष हेतुपुरस्सर होते हे मला फार उशिरा कळले.

बाईंकडे देवघेवीच्या नोंदवहीखेरीज आणखी एक वही असे. कोणी काय मागितले आणि आपल्याकडे ते नव्हते, याची ती वही. ग्रंथालयातील ग्रंथांची यादी प्रत्येकाकडे असते. नसलेल्या ग्रंथांची यादी मी दुसरीकडे कोठेही पाहिली नाही. तिच्यात काय नव्हते? मोटारसायकलच्या इंजिनाची माहिती, परिचारिका होण्यासाठी काय शिकावे लागते, फुटबॉलचे नियम, आखातात नोकरीला जाताना कोणती कागदपत्रे लागतात. एका नोंदीत फक्त एवढेच होते की नववीतली एक मुलगी आरोग्याच्या पुस्तकांपाशी तीन दिवस उभी राहिली आणि काही न मागता गेली. तिला काय हवे होते ते बाईंनी ओळखले. मुलींच्या वाढत्या वयासंबंधीची दोन पुस्तके त्यांनी मागविली आणि ती नोंद न करता न्यावयाची मुभा ठेवली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्या वहीतल्या मागण्या एका महिन्यात बदलल्या. गावाची स्थिती जाणून घेण्यासाठी आम्ही अधिकारी सर्वेक्षणे करतो. ती वही कोणी मागून पाहिली नाही, मीदेखील नाही.

आता माझी स्वतःची हकीकत. १९९५ साली मी चौदा वर्षांचा होतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी दोनदोनदा वाचून संपविला होता आणि त्यानंतर मला काहीच गोड लागेना. वडील खाणीवरच्या गॅरेजात मेकॅनिक होते. संध्याकाळी ते तांबड्या धुळीने माखून येत आणि मला, खरे सांगतो, त्यांची थोडी लाज वाटे. हायस्कुलात इतर मुलांचे वडील पांढऱ्या सदऱ्यातले होते. हे मी कोणाला बोललो नव्हतो. बाईंना ते कसे कळले कोण जाणे. एके दिवशी त्यांनी एक पातळसे पुस्तक पुढे केले आणि म्हणाल्या, ‘पुता, हें व्हर.’ नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा १९६६ चा कवितासंग्रह होता तो.

कविता म्हणजे पाठ्यपुस्तकात असते ती, चंद्र, नदी, मातृभूमी, अशी माझी समजूत. सुर्वे यांना जन्मतःच टाकून दिलेले होते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने त्यांना उचलून घरी आणले, आपले नाव दिले. त्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली, मग शिक्षक झाले. त्यांच्या कवितेत कामावर जाणारी माणसे होती, भोंगा होता, पगाराचा दिवस होता. ज्या गोष्टी आमच्या घरात रोज घडत होत्या त्यांवर कोणीतरी कविता लिहू शकतो, आणि ती छापली जाते, आणि ती ग्रंथालयात ठेवतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या रात्री जेवणानंतर मी दोन कविता वडिलांना वाचून दाखविल्या. वडील चौथी शिकलेले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, ‘हो मनीस खरेंच कामार गेल्लो दिसता.’ साहित्याविषयीचे पुष्कळ अभिप्राय मी पुढे महाविद्यालयात वाचले. मला लक्षात राहिलेला अभिप्राय हाच.

यावरून बाई प्रत्येक मुलाला त्याच्याच घरचे पुस्तक देत, असा समज होऊ नये. त्यांची रीत निराळी होती. एकदा आपले घर दाखविणारे पुस्तक दिले की पुढचे हटकून दुसऱ्याच्या घरचे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आमच्याकडे सर्वांनी वाचलेली असे. ती वाचून डोळे पुसणाऱ्या मुलाला बाई लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ देत. तेथेही आई आहे, शाळा आहे, शिकण्याची ओढ आहे. पण बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे आणि गावाबाहेरचे पाल हेच घर आहे. हिंदू मुलीला त्यांनी दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ दिली, घर सोडून कुवेतला मोलकरीण म्हणून गेलेल्या ख्रिस्ती बाईची कथा. कोकणी पुस्तक मराठी कपाटात का, असे एका सभासदाने विचारले तेव्हा बाई म्हणाल्या की कपाटाला भाषा नसते, लाकूड असते. पुढे महाबळेश्वर सैल यांची कुंभारांच्या जीवनावरची ‘हावठण’ आली, तीही त्याच फळीवर बसली. टोकियोत आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची ‘तोत्तोचान’ होती. ॲमस्टरडॅममध्ये घराच्या मागच्या भागात लपून दोन वर्षे काढलेल्या ॲन फ्रँकची रोजनिशी होती. ती मुलगी वाचकांच्याच वयाची, हे मुद्दाम सांगून बाई ते पुस्तक देत.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. दया पवार यांचे १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘बलुतं’ त्यांनी अकरावीतल्या एका मुलीला दिले. चार दिवसांनी तिचे वडील पुस्तक घेऊन आले. त्यातले काही शब्द, काही प्रसंग आपल्या मुलीने वाचावेत असे त्यांना वाटत नव्हते. आवाज चढला होता. बाईंनी त्यांना बसविले, पाणी दिले आणि विनंती केली की, ‘भाऊ, आपण स्वतः एकदा सबंध वाचा, मग जे सांगाल ते करू.’ त्यांनी पुस्तक नेले, पंधरा दिवसांनी आणून टेबलावर ठेवले, एक शब्दही बोलले नाहीत. तक्रार पुढे गेली नाही. मुलगी मात्र पुन्हा ग्रंथालयात आली नाही.

बाईंना ते लागून राहिले. पुस्तक काढून टाकावे असे त्यांना कधी वाटले नाही, पण आपण एक वाचक गमावला हे त्या विसरल्या नाहीत. त्यानंतर असे प्रखर पुस्तक देण्यापूर्वी त्या मुलाशी दहा मिनिटे बोलत: यात काय आहे, लेखकाने ते का लिहिले, कोठे मन विटेल, आणि विटले तर मध्येच परत आणण्यास संकोच करू नये. शिक्षकांनाही कल्पना देत. माझे मत विचाराल तर त्या वडिलांनाही मी सर्वस्वी दोष देत नाही. त्यांना कोणी आधी काही सांगितलेच नव्हते. परंतु पालक चिडतील या भयाने जो ग्रंथपाल वादाचे पुस्तक विकतच घेत नाही, त्याच्यापेक्षा चुकून एक वाचक गमावणाऱ्या बाई मला अधिक जवळच्या वाटतात. ‘बलुतं’सारखे पुस्तक कोणाला, कोणत्या वयात द्यावे हे यादीवरून ठरत नाही. त्यासाठी पुस्तकही वाचलेले असावे लागते आणि समोरचा मुलगाही.

कवितेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ग्रंथालयाच्या दाराशी बसथांबा होता. बाईंनी तेथे एक काळा फळा टांगला आणि रोज सकाळी त्यावर चार ओळींची कविता खडूने लिहावयास आरंभ केला. बस उशिरा येई, ही आमच्या गावची कवितेला झालेली मोठी मदत होय. बोरीचे बाकीबाब बोरकर, विंदा करंदीकर, बहिणाबाई चौधरी ही नावे मुलांना आधी फळ्यावर भेटली, मागाहून पुस्तकात. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरकाम करताना, शेतात राबताना त्या ओव्या रचीत आणि घरातली माणसे टिपून ठेवीत. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी चिरंजीव सोपानदेव व आचार्य अत्रे यांच्या खटपटीने त्या कविता पुस्तकरूपाने बाहेर आल्या. हे बाईंनी बसची वाट पाहणाऱ्या मुलांना सांगितले तेव्हा सातवीतल्या एका पोराने विचारले, ‘मग आमची आजी म्हणते ते?’

त्या प्रश्नातून पुढचे सगळे घडले. दर शनिवारी मुलांनी घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून एक ओवी, पाळण्याचे गाणे किंवा धालोच्या मांडावरचे पद टिपून आणावे असे ठरले. पौषात धालो गाणाऱ्या बायकांना नातवंडे वही घेऊन विचारू लागली. काहीजणी लाजल्या, काहींनी हाकलून लावले, एकीने एका बैठकीत चाळीस पदे सांगितली आणि लिहिणाऱ्या मुलाचा हात दुखून आला. सोमवारी फळ्यावर त्यांतले एखादे पद येई, खाली सांगणारीचे नाव. जन्मात ग्रंथालयाची पायरी न चढलेली एक म्हातारी काठी टेकीत आली. तिला वाचता येत नव्हते. ‘म्हजी ओंवी फळ्यार?’ असे विचारून तिने नातीकडून ती दोनदा वाचून घेतली आणि नातीने एक शब्द चुकीचा लिहिल्याचे तिथल्या तिथे दाखवून दिले. बाईंनी फळा पुसून दुरुस्ती केली.

महाराष्ट्रात हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या अशा ओव्या खेडोपाडी फिरून जमविल्या. त्यांची संख्या १ लाखाच्या वर आहे. आमच्या गावच्या दोन वह्या त्यापुढे किती लहान! परंतु त्या लिहिणारी मुले तेरा ते अठरा वयाची होती, आणि हे काम करताना त्यांची कवितेविषयीची भीड गेली. काहींनी स्वतः लिहावयास घेतले. पाण्याचा नळ, मासळीवालीची हाक, परीक्षेतले नापास होणे, असे विषय. बहुतेक कविता सामान्य होत्या. बाई त्या तशाच फळ्यावर लिहीत आणि दुसऱ्या दिवशी बोरकरांची कविता लिहीत. तुलना मुलांनीच करावी.

आता अधिकारी वर्गापुढे एक विषय मांडतो, कारण हा खुलेपणा बाईंना महाग पडला. कपाटांना कुलूप न लावण्याची त्यांची रीत होती. मराठी पुस्तक परराज्यातून मिनतवारीने येई आणि परकीय राजवटीची त्यावर नजर असे, त्या काळात आपल्या वाडवडिलांनी पुस्तके पेटीत जपली. कुलपाची सवय आपल्याकडे तेव्हापासूनची असावी असे मला वाटते. ती जपणूक थोर होती. पण मुक्ती मिळून साठ वर्षे उलटून गेली तरी अनेक ठिकाणी किल्ली कमरेलाच आहे, आणि तिचे कारण आज निराळे आहे: पुस्तक हरवले तर पैसे कोण भरणार?

२०१४ साली बाई निवृत्त झाल्या तेव्हा साठा पडताळणीत चौदा पुस्तके कमी भरली. इतक्या वर्षांत चौदा. त्यांची किंमत त्यांच्याकडून भरून घेण्यात आली. रक्कम मोठी नव्हती. निरोपाच्या दिवशी ती मोजून घेतली गेली, हे मोठे होते.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ वा नियम ग्रंथालयांसंबंधी आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा चाळलेल्या दर एक हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी ही वाजवी मानावी, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे वा हयगयीमुळे झालेली नसावी, असे तो सांगतो. १,००० रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मीळ ग्रंथांची चौकशी मात्र झालीच पाहिजे. म्हणजे वर्षाला सहा हजार पुस्तकांची देवघेव करणाऱ्या ग्रंथालयात तीस पुस्तके गहाळ झाली तरी केवळ संख्येवरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. अनुदानित ग्रामीण ग्रंथालयांना हा नियम जसाच्या तसा लागू होतो असे माझे म्हणणे नाही. पण त्यामागची दृष्टी लेखापरीक्षकांनी आणि व्यवस्थापक मंडळांनी ध्यानी घ्यावी, ग्रंथपालांनी तो नियम छापून जवळ ठेवावा, आणि निर्लेखनाचे प्रस्ताव वर्षाच्या वर्षी पाठवावेत. साठवून ठेवले की ते निवृत्तीच्या दिवशी डोक्यावर येतात.

मला हे इतक्या तपशिलाने का ठाऊक, तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या पत्रिकेसाठी लेख लिहावा म्हणून मी त्या ग्रंथालयात गेलो आणि जुनी पडताळणी यादी चाळली. चौदांपैकी नवव्या क्रमांकावर ‘माझे विद्यापीठ’ होते. ते माझ्याकडे होते. पणजीला महाविद्यालयात जाताना मी ते ट्रंकेत घातले, परत करण्याचे राहिले, मग विसरले, आणि नंतर ते माझेच वाटू लागले. त्याचे पैसे बाईंनी भरले होते. मी त्यांच्या घरी गेलो. पैसे घेण्यास त्यांनी साफ नकार दिला आणि विचारले, ‘पुस्तक आसा मरे?’ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, मग कपाटात नेऊन ठेव. मी नेले. तेथील लिपिकाने प्रामाणिकपणे सांगितले की तो दाखल क्रमांक रद्द झालेला असल्याने पुस्तक परत घेता येत नाही. देणगी म्हणून घेता येईल. तेव्हा त्या ग्रंथालयाच्या देणगीदारांच्या यादीत आज माझे नाव आहे. ते वाचून कोणी माझे कौतुक केल्यास कृपया त्यांना ही हकीकत सांगावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून जी ग्रंथालय व्यवस्था उभारली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या खेडोखेडी फिरत असत. वाचक येत नसेल तर पुस्तकाने जावे, हे त्यात गृहीत होते. या तालुका ग्रंथालयाच्या ग्रंथपालांशी माझे बोलणे झाले आहे. नववी ते बारावीच्या मुलांसाठी साठ पुस्तकांची एक पत्र्याची पेटी त्यांनी तयार केली आहे. तिच्यात निम्मी कवितेची आहेत. दर बुधवारी शेवटच्या तासाला ती एकेका हायस्कुलात जाईल. मुख्याध्यापकांनी तो तास परीक्षेच्या तयारीला मागू नये, आणि पेटीला कुलूप असले तरी किल्ली वर्गातल्या एखाद्या मुलाकडे द्यावी, एवढी विनंती करतो. पेटीबरोबर एक कोरी वही आहे. जे पुस्तक मिळाले नाही त्याचे नाव तिच्यात लिहावयाचे आहे. मागच्या रांगेतल्या मित्रांनो, सभा संपल्यावर ती वही दाराशी ठेवलेली सापडेल. पेन्सिल दोरीने बांधलेली आहे, ती नेऊ नका.